जुनं पोट

अकरा वर्षं मी बसून झोपलो.
पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा,
विटांवर पलंग, पलंगावर चार उशा,
उशांना टेकून मी,
मखरात बसवल्यासारखा, आरती सोडून सगळं.

रात्री अडीचला यायचीच ती.
छातीच्या फळीमागून चढत चढत
गळ्याशी येऊन थांबायची, आंबट, कढत,
आतून कुणी मिरचीचं पोतं झटकावं तशी.
अंधारात ओट्याशी जायचो,
गुलाबी बाटली बरोबर हाताला लागायची.
इंदू विचारायची, "आली का?"
जशी काही पाव्हणी.

तुर्भ्याच्या मसाला मार्केटात मी तोलणार.
सत्तावीस वर्षं वजनं केली:
ब्याडगी, गुंटूर, धने, हळकुंडं.
स्वतः काट्यावर चढलो नाही.
एकदा पोरांनीच चेष्टेत उभं केलं,
एकशे एकतीस किलो, चारशे ग्रॅम.
"बारदान वजा करा," कुणी म्हणालं.
सगळे हसले. मीही हसलो,
आणि हसता हसता आंबट वर आलं.

वाशीची डॉक्टरीण, तामणे, माझ्या थोरलीच्या वयाची.
दुर्बिणीतून बघून म्हणाली, अन्ननळी खालून भाजलीय.
मी म्हटलं, शेजारच्या गाळ्यातल्या मेहुलभाईंची केली तशी
पोटाची नळी करा, खर्च कमी येतो म्हणे.
तिनं मान हलवली.
"वजन उतरेल, पण जळजळ वाढायची भीती.
तुम्हाला बायपास."
मग माझ्याच फायलीच्या पाठीवर काढून दाखवलं:
वर अंड्याएवढी पिशवी,
तिला खालून आणून जोडलेलं आतडं.
आम्ल बनतं ते बहुतेक इथं, या मोठ्या पोटात,
त्याची वर यायची वाट तोडायची.

मला मुंब्र्याचा बायपास दिसला.
ट्रक डोंगराच्या कडेनं निघून जातात,
गाव खाली असतंच.

"आणि हे?" मी मोठ्या पोटावर बोट ठेवलं. "हे काढून टाकता?"
"नाही. ते राहतं आत."

औषधाच्या झाकणानं पाणी प्यायलो.
पंधरा मिनिटांनी दुसरं झाकण.
डाळीच्या वरच्या पाण्याला पक्वान्न म्हणायला शिकलो.
दोन महिन्यांनी इंदूनं विटा काढल्या,
उशा काढल्या, एक ठेवली.
मी आडवा झालो.
पंखा बंद होता. त्याच्या एका पात्यावर
धाकटीनं कधीतरी पेनानं स्वतःचं नाव लिहिलेलं,
ते मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.

अडीचला जाग आली. सवय.
छातीत काही नव्हतं.
इंदूही जागी. "आली का?"
"नाही."
बराच वेळ आम्ही दोघं
तिची वाट बघत पडून राहिलो.

सगळं सुरळीत झालं असं कसं म्हणू.
कोपरखैरण्यात भाच्याच्या बारशाला अर्धी जिलबी खाल्ली,
तर घामानं सदरा भिजला, काळीज धडधडलं,
जिन्यात भिंतीला टेकून बसलो,
वर पाळणा चाललेला.
गोळ्या आहेत आता जन्माच्या, लोहाच्या, चुन्याच्या.
पण गुलाबी बाटली
इंदूनं धुऊन तिच्यात मनीप्लांट लावलाय.

आमच्या मार्केटात वेलजीशेठचा गाळा आहे.
धंदा मुलानं कधीच दुसरीकडं नेला.
म्हातारा तरी येतो, शटर वर करतो, उदबत्ती लावतो,
काटा पुसून शून्यावर आणतो,
आणि गादीवर बसतो.
गिऱ्हाईक नाही. त्याला कुणी सांगितलेलं नाही,
किंवा सांगितलंय.

तसंच ते आत असणार.
पन्नास वर्षं जे टाकलं ते जिरवलं त्यानं,
मटणाचा रस्सा, शिळी भाकरी, लोकांचं बोलणं.
अजून आपलं थोडंसं आम्ल काढतं,
ते खाली कुठंतरी, हात-दीड हातावर,
जेवणाला जाऊन मिळतं म्हणे.
मी झोपताना पोटावर हात ठेवतो.
नेमकं कुठं आहे ते बाहेरून कळत नाही.
जेवलास का, विचारायचीही सोय नाही.